पंप गेला, असं मीच म्हणालो होतो

गाडी दिसायच्या आधी आवाज आला. उद्यमनगरात माझं गॅरेज गल्लीच्या आत आहे, कोपऱ्यावर वळताना प्रत्येकाला स्टेअरिंग पूर्ण कापावं लागतं. तिथंच ती ओरडली. धारेला उशीर झालेली म्हैस हंबरते तसं, घुंऽऽ करून.

सर गाडीतून उतरायच्या आत मी सांगून टाकलं, "पॉवर स्टेअरिंगचा पंप गेलाय, सर."

सर निवृत्त मुख्याध्यापक. गाडी २००३ ची, पेट्रोल, एका जपानी कंपनीची सेडान. २०१८ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली होती, ती पाच वर्षंही आता संपत आली होती. पासिंगची तारीख नऊ दिवसांवर. नवा पंप कुठं मिळेना. मुंबईला कुर्ल्यात ओळखीच्या स्क्रॅपवाल्याला फोन लावला, जुना पंप साडेपाच हजारांना ठरला, दोन-चार दिवसांत पार्सल येईल म्हणाला.

"आणा मग. तुम्ही म्हणताय म्हणजे गेलाच असणार," सर म्हणाले आणि रिक्षानं घरी गेले.

हे वाक्य नंतर मला फार टोचलं. कारण मी बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. बावीस वर्षं हे काम केल्यावर कानावर जरा जास्तच विश्वास बसतो. पट्टा ढिला असला तर चीं वाजतो, पंप असला तर घुं. इतकं सोपं वाटायला लागतं.

तिसऱ्या दिवशी गाडी बाजूला घ्यायची होती म्हणून पोरानं चालू केली आणि बॉनेट उघडून बघत बसला. त्याला बघायची सवय आहे, अजून कान तयार झालेला नाही. म्हणाला, "वस्ताद, ह्या डबीत फेस आलाय की."

ती स्टेअरिंग ऑइलची डबी. टोपण काढून टॉर्च मारली. ऑइल पातळ पिवळसर असायला हवं होतं, ते गुऱ्हाळातल्या काकवीसारखं काळपट झालेलं. वर बारीक बारीक बुडबुड्यांचा थर, कडेला चिकटलेला. लेव्हल खालच्या रेषेच्याही खाली. बोट बुडवून वास घेतला, करपट.

फेस म्हणजे हवा. पंप तेल दाबायला केलेला असतो, त्याच्या तोंडात हवा गेली की तो असाच ओरडतो. मग हवा शिरते कुठून? डबीतून पंपाकडे जो जाड पाइप जातो ती ओढायची बाजू. तिथं दाब नसतो, उलट खेच असते. त्यामुळं तिथलं सील गेलं तर तेल धो धो बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडीखाली डाग पडत नाही, म्हणून संशयही येत नाही. खाली वाकून जोडावर बोट फिरवलं तर नुसता ओलसरपणा आणि त्यावर चिकटलेली धूळ.

जोड खोलला. आतली ओ-रिंग, म्हणजे सीलची गोल रबरी कडी, टोच्यानं काढायला गेलो तर कटकन दोन तुकडे झाले. नखानं दाबून पाहिलं, नख रुतेना. रबराची बांगडी झालेली.

व्हर्नियरनं खाच मोजली आणि मागच्या गल्लीतल्या सीलच्या दुकानातून तेलाला टिकणारी नायट्राइलची रिंग आणली. वीस रुपये. साधी रबरी रिंग इथं चालत नाही, तेलात फुगते.

मग तेल. आमच्यात एक समज पक्का आहे की लाल गिअर ऑइल, म्हणजे एटीएफ, कुठल्याही पॉवर स्टेअरिंगला चालतं. पुष्कळ गाड्यांना चालतंही. पण या गाडीच्या टोपणावरच कंपनीचं स्वतःचं ऑइल वापरा असं छापलंय, आणि तसल्या गाडीत लाल घातलं की पुढं सीलं धरत नाहीत. (एका गिऱ्हाइकानं तर ब्रेक ऑइल ओतून आणलं होतं. त्याची गोष्ट नको, चाकं वळवणारा अख्खा स्टेअरिंग रॅक खोलावा लागला.) डबीकडे परत येणारा बारीक पाइप काढून बाटलीत सोडला, पुढची चाकं जॅकवर घेतली. पोरगं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतंय, मी डबीत नवं ओततोय. डबी रिकामी पडू द्यायची नाही, नाहीतर पुन्हा हवा. आधी काळं आलं, मग चहासारखं, मग स्वच्छ. दोन लिटर गेलं. शेवटी पाइप जागेवर लावून पुन्हा सावकाश टोकापर्यंत फिरवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. टोकाला धरून ठेवायचं नाही, पंप तापतो. पोरगं दोनदा विसरलं, दोनदा ओरडा खाल्ला.

संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर गाडी वळवली. नुसता टायरचा आवाज.

सरांना फोन करून खरं ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे पेपर न वाचताच मार्क दिलेत."

कुर्ल्याचं पार्सल दुसऱ्या दिवशी आलं. पैसे माझेच गेले. पोरानं पंप खोक्यातून काढला, तोंडातली ओ-रिंग नखानं दाबली आणि माझ्यापुढं धरली. तीही बांगडीच.