घरी सगळे करता, मग गाडीवर का खाता?

मी ठाण्यातल्या नौपाड्यात राहते, घरी भाजणी करते, ती ओळखीच्यांना देते, आणि संध्याकाळी बाजार करून परतताना पुष्कळदा वडापावच्या गाडीवरही दिसते. त्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. घरी एवढे सगळे करता येत असताना तुम्ही बाहेरचे का खाता? शेजारच्या वहिनी विचारतात, पुण्याहून येणारी नणंद विचारते, आणि नव्याने संसार मांडलेल्या मुली तर फार मनापासून विचारतात, कारण बाहेरचे खाल्ले की आपण काहीतरी चुकवतो आहोत असे त्यांना सतत वाटत असते. म्हणून तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर एकदा सविस्तर देते.

माझ्या मते काही पदार्थ गर्दीचे असतात आणि काही उरलेल्याचे. गर्दीचे पदार्थ चांगले होण्यासाठी मोठी कढई, सतत पेटलेली शेगडी आणि पुढ्यात थांबलेली माणसे लागतात. चार माणसांच्या घरात ते होतात, पण त्यांचा खरा गुण तिथे उतरत नाही. उरलेल्याच्या पदार्थांना काल रात्रीची पोळी लागते, तळाशी राहिलेला भात लागतो, आणि ते कोणत्याही हॉटेलात मागून मिळत नाहीत. मी पहिल्या प्रकारचे बाहेर खाते आणि दुसऱ्या प्रकारचे घरी करते. यात घरच्या स्वयंपाकाचा कमीपणा नाही आणि बाहेरच्याचे कौतुकही फुकाचे नाही.

वड्याचे पाहा. बटाट्याची भाजी घरची आणि गाडीवरची सारखीच असू शकते. बटाटे हाताने जाडसर फोडलेले, आले-लसूण-मिरचीचे वाटण, मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, हळद, कोथिंबीर. यात काही गुपित नाही. फरक पडतो तो तेलात. वडा तळायला तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेले असावे लागते. गाडीवरच्या कढईत तेल भरपूर असते आणि खालची आच दणदणीत असते, त्यामुळे एकदम पंधरा-वीस वडे सोडले तरी तेलाचा ताव फारसा उतरत नाही. घरच्या छोट्या कढईत सहा वडे एकदम सोडले की तेल लगेच निवते, आवरण घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि वडा तेलकट होतो. घरी करायचेच असतील तर एका वेळी तीन किंवा चार सोडावेत आणि पुढचा घाणा टाकण्यापूर्वी तेल पुन्हा तापू द्यावे, असे मी प्रत्येकीला सांगते. पण मग पहिला घाणा खाऊन होईपर्यंत दुसरा होत नाही, आणि करणारी बाई शेवटी एकटी जेवते.

आमच्या घराजवळच्या गाडीवरचा माणूस वडे तळताना मी लक्ष देऊन पाहिले आहे. भाजीचा गोळा तो बेसनाच्या पिठात बुडवतो, बोटांनीच जादा पीठ निथळवतो आणि कढईच्या कडेने तेलात सोडतो. वरून टाकत नाही. सुरुवातीला बुडबुडे मोठे आणि आवाज भरघोस असतो, कारण पिठातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते, आणि ती वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. पाणी कमी होत गेले की बुडबुडे बारीक होतात, आवाज खाली येतो, आणि तो घड्याळाकडे किंवा रंगाकडे न पाहता त्या आवाजावर झारा घालतो. मग झाऱ्यातच वडे कढईवर धरून दोन-तीन झटके देतो. हे झटके फार महत्त्वाचे आहेत, कारण तळणीच्या पदार्थात तेल मुरते ते मुख्यतः बाहेर काढल्यावर, पदार्थ निवू लागला आणि आतली वाफ विरली की. वरचे तेल गरम असतानाच निथळले तर ते आत ओढले जात नाही. घरी आपण वडे काढतो आणि सरळ ताटलीत एकावर एक रचतो. त्यापेक्षा ते चाळणीत सुटे ठेवावेत.

शिवाय गाडीवर दोन गोष्टी आपोआप तयार होतात. पिठाचे थेंब तेलात पडून जो चुरा होतो, तो लाल तिखट आणि लसूण घालून कुटला की चटणी होते. आणि बेकरीतून आलेली लादी तासाभरात संपत असल्यामुळे पाव कायम मऊ असतो. घरी सहा वड्यांमागे एवढा चुरा कुठून निघणार?

ठाण्यात तर याबाबतीत निवडीला वाव आहे. विष्णुनगरातल्या गजाननच्या वड्यासोबत बेसनाची पिवळी चटणी मिळते, आणि पुष्कळ माणसे वड्याइतकीच त्या चटणीसाठी तिथे जातात. स्टेशनजवळच्या कुंजविहारचा वडा आकाराने मोठा. लोकल पकडण्यापूर्वी किंवा लोकलमधून उतरल्यावर एक खाल्ला की रात्रीच्या जेवणापर्यंत निभते. वडापाव हा मुळात स्टेशनचाच पदार्थ आहे. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि एका हातात धरून, उभ्याने, ताटलीशिवाय खाता येणारे पोटभरीचे खाणे गिरणी कामगारांना आणि चाकरमान्यांना हवेच होते. बर्गर विकणाऱ्या मॅकडोनल्ड्सलाही भारतात पावामध्ये बटाट्याची टिक्की घालावी लागली, हे मला मुळीच आश्चर्याचे वाटत नाही. बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या काळात आले, आणि ठाणे तर १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत त्यांच्याच ताब्यात होते. म्हणून हे खाणे मला परके वाटत नाही.

मिसळीचेही असेच. मामलेदार कचेरीला लागून असलेली आणि तिच्याच नावाने ओळखली जाणारी मिसळ ठाणेकरांना सांगायला नको. मी घरी मटकीची उसळ उत्तम करते, हे निःसंकोच सांगते. पण त्यावर फरसाण घातले की ती फरसाण घातलेली उसळ होते, मिसळ होत नाही. मिसळीचा जीव कटात असतो. मोठ्या पातेल्यात भरपूर तेलावर मसाला परतून, पाणी घालून तो दीर्घकाळ उकळत ठेवला की मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, कारण दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, आणि ते लाल तेल वर तर्री म्हणून तरंगते. एवढे तेल घरच्या वाटीभर उसळीवर घालायला कोणाचाही हात धजत नाही, आणि धजू नये. तिथे ते पातेलेभर कटावर पसरलेले असते आणि आपल्या वाट्याला पळीभर येते. तोंड पोळले तर पाणी पिऊन उपयोग नाही, याचेही कारण तेच. ताक किंवा दही घ्यावे, दुधातली प्रथिने तिखटाला जिभेवरून सोडवतात.

आता तेलाचे. तुमच्यापैकी बहुतेकांचा खरा आक्षेप तिथेच असतो आणि तो रास्त आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक साठत जातात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील अशा घटकांचे, म्हणजे एकूण ध्रुवीय संयुगांचे, प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियम केला आहे. गाडीपुढे उभे राहून ते मोजता येत नाही, पण डोळे आणि नाक पुरतात. तेल काळपट दिसत असेल, वडा काढल्यावरही वर फेस टिकून राहत असेल, नेहमीच्या आचेवर धूर येत असेल किंवा खवट वास येत असेल, तर तिथे खाऊ नये, मग ती गाडी कितीही नावाजलेली असो. वर्तमानपत्राच्या कागदाचेही मला फार वाटते. गरम, तेलकट पदार्थाला शाई लागते, आणि त्याच प्राधिकरणाने २०१६ मध्येच याविरुद्ध सूचना काढली होती. तरीही कागद दिसतातच. मी सरळ सांगते की छापील कागदात देऊ नका, ताटलीत द्या किंवा माझ्या डब्यात द्या. आजवर यावर कोणी नाही म्हटलेले नाही. आणि गर्दीची गाडी निवडा हा सल्ला केवळ चवीसाठी नाही. जिथे माल झपाट्याने खपतो तिथे सकाळची भाजी संध्याकाळपर्यंत उघडी पडून राहत नाही.

पिझ्झा, शेजवान नूडल्स वगैरेंबद्दल मला फार सांगायचे नाही. मुलांना ते आवडते आणि अधूनमधून आम्ही सगळेच खातो. पिझ्झ्याला जी भट्टीची धग लागते आणि नूडल्सना जी धडाडणारी आच लागते, ती घरच्या शेगडीवर मिळत नाही, तेव्हा तेही माझ्या हिशेबात गर्दीचेच पदार्थ.

मात्र घरातली गंमत ज्यांनी घेतलीच नाही, त्यांची मला मनापासून हळहळ वाटते. फोडणीची पोळी घ्या. ती ताज्या पोळीची होत नाही. केली तर लगदा होतो. रात्रभर राहिलेल्या पोळीतला स्टार्च थंड होताना पुन्हा बांधला जातो, पोळी कोरडी आणि किंचित चिवट होते, आणि म्हणूनच ती कुस्करल्यावर तिचे तुकडे सुटे राहतात व फोडणी अंगावर धरतात. मी पोळी मिक्सरमधून काढत नाही. हाताने केलेले तुकडे लहानमोठे राहतात, त्यांतले लहान कुरकुरीत होतात, मोठे मऊ राहतात, आणि एकाच घासात दोन्ही यावेत हेच त्यातले सुख आहे. तेलात मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची आणि बराचसा कांदा. कांदा पारदर्शक झाला की पोळीचा कुस्करा, मीठ, तिखट आणि चिमूटभर साखर. पाण्याचा हबका मारून दोन मिनिटे झाकण ठेवायचे, आणि मग झाकण काढून, मुळीच न हलवता, तळाला खरपूसपणा येईपर्यंत थांबायचे. हे शेवटचे थांबणे बहुतेक जण करत नाहीत. वर ओले खोबरे असेल तर उत्तम, नसेल तर दाण्याचे कूट आणि लिंबू.

फोडणीच्या भाताचेही तत्त्व हेच आहे. शिळ्या भाताची शिते मोकळी होतात. फक्त एक काळजी घ्यावी. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये, तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये टाकावा, कारण तांदळातले काही जिवाणू शिजवूनही बीजाणूंच्या रूपाने टिकतात, उबेत वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा परतून जात नाही. आपल्याकडच्या दमट हवेत तर हे अधिकच पाळायला हवे.

आणि कच्चा चिवडा! कुरमुरे, बारीक चिरलेला कांदा, कच्चे तेल, मेतकूट, तिखट, मीठ, वर शेव. पावसाळ्यात कुरमुरे सादळलेले असतील तर आधी कोरडेच गरम करून घ्यावेत. कालवल्यापासून पाच मिनिटांत संपला पाहिजे, म्हणून तो परातीत कालवावा आणि परातीतूनच सगळ्यांनी खावा. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जी बोलणी होत नाहीत, ती या परातीभोवती होतात.

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक जणी जाता जाता भाजणीचे प्रमाणही विचारतात, तेव्हा तेही लिहिते. थालिपिठाच्या भाजणीला मी चार वाट्या ज्वारीला दोन वाट्या तांदूळ, दोन वाट्या बाजरी, एक वाटी गहू, एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी धणे आणि दोन चमचे जिरे घेते. प्रत्येक धान्य वेगळे भाजावे, कारण तांदूळ फुलायला लागतो तेव्हा बाजरी करपण्याच्या बेतात असते. आच मंद हवी आणि हात थांबू नये. धान्य पूर्ण निवल्यावरच गिरणीत न्यावे, आणि तिथे आधी काय दळले आहे ते विचारावे. बेसन किंवा मसाला झाला असेल तर थोडे थांबावे, नाहीतर सगळ्या भाजणीला तो वास लागतो. घरी आल्यावर पीठ गरम असते, ते परातीत पसरून गार होऊ द्यावे आणि मगच डबा भरावा. गरम पिठाचा डबा बंद केला तर झाकणाला आतून घाम धरतो, आणि भाजणी महिनाभरही टिकत नाही.