पावसाच्या नोंदवहीचा फॉर्म : २० सप्टेंबरपासूनचे दिवस कुठे गळत होते

सांगली जिल्ह्यात घरोघरी पर्जन्यमापक लावून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजणाऱ्या आपल्या हौशी मंडळींसाठी केलेल्या ऑनलाइन नोंदवहीत यंदा अख्खा पावसाळा एकाच फॉर्ममध्ये भरण्याची सोय केली आहे. फॉर्म विनातक्रार जमा होत होता, ‘नोंद झाली’ असा संदेशही येत होता. मात्र केंद्र शिराळ्याचे असो वा जतचे, प्रत्येकाची नोंद १९ सप्टेंबरला येऊन थांबत होती.

पहिला संशय तारखांच्या हिशेबावर जातो, पण स्क्रिप्टला, म्हणजे फॉर्म स्वीकारून नोंद साठवणाऱ्या सर्व्हरवरील प्रोग्रामला, हात लावण्याआधी ब्राउझरमधून काय निघाले आणि सर्व्हरवर काय पोहोचले, हे वेगवेगळे पाहणे मला महत्त्वाचे वाटते. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ३० सप्टेंबरपर्यंतचे सगळे रकाने जाताना दिसत होते. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत फॉर्ममधून आलेल्या रकान्यांची संख्या छापली, तेव्हा ती बरोबर १००० निघाली, आणि तिथेच उलगडा झाला.

जून ते सप्टेंबर १२२ दिवस, पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा वगैरे मिळून दररोजचे ९ रकाने आणि सुरुवातीला केंद्राचे नाव, असे एकूण १०९९ रकाने होतात. स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहिली आहे त्या पीएचपीमध्ये एका वेळी किती रकाने स्वीकारायचे याची ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ही मर्यादा मुळात १००० असते. त्यापुढचे रकाने पीएचपी टाकून देते आणि फक्त एरर लॉगमध्ये इशारा लिहिते. केंद्राचा १ आणि १११ दिवसांचे ९९९ मिळून हजार भरतात, आणि १ जूनपासूनचा १११वा दिवस म्हणजे १९ सप्टेंबर. मुद्दाम रचलेल्या असंख्य नावांचे रकाने पाठवून सर्व्हर गुंतवून ठेवता येतो, हे २०११च्या अखेरीस उघड झाल्यावर जानेवारी २०१२मधील ५.३.९ आवृत्तीत ही मर्यादा आली, त्यामुळे ती सरसकट उडवून लावणे योग्य नाही.

स्क्रिप्टमध्ये ‘इनी सेट’ ही सेटिंग बदलणारी आज्ञा लिहून ही मर्यादा वाढत नाही, कारण स्क्रिप्ट सुरू होईपर्यंत रकाने वाचून झालेले असतात. ‘यूजर इनी’ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ती वाढवता येते, मात्र बदल लागू व्हायला पाच मिनिटे लागू शकतात. मी महिनावार फॉर्म पसंत केला : ३१ दिवसांचा महिना धरला तरी २८० रकाने होतात, आणि चांदोलीकडे रेंज जेमतेम असते तिथे लहान फॉर्म पोहोचण्याची शक्यताही जास्त. शिवाय फॉर्मच्या अगदी शेवटी ‘समाप्त’ नावाचा छुपा रकाना ठेवला आहे. तो पोहोचला नाही, तर स्क्रिप्ट काहीही साठवत नाही आणि तसे स्पष्ट सांगते.

याच तपासात दुसरा दोष सापडला, आणि कमी पावसाच्या आटपाडी-जतच्या नोंदींसाठी तो मला अधिक गंभीर वाटतो. रिकामा रकाना ओळखण्यासाठी वापरलेले ‘एम्प्टी’ हे फंक्शन ‘०’ या मजकुरालाही रिकामे समजते, पण ‘०.०’ला समजत नाही. त्यामुळे कोरड्या दिवशी ज्यांनी ०.० लिहिले त्यांची नोंद राहिली आणि ज्यांनी नुसता ० लिहिला त्यांची गेली. पाऊस न पडणे हीदेखील मोजलेली गोष्ट आहे. ती ‘मोजले नाही’ यात मिसळली की पावसातला खंड किती दिवसांचा होता हेच कळत नाही. आता रकाना खरोखरच कोरा आहे का, याची तुलना थेट कोऱ्या मजकुराशी, तिहेरी बरोबर चिन्हाने (===) होते.

जुन्या नोंदींतील कोऱ्या जागी मी अंदाजाने शून्य भरलेले नाही. आपापल्या वहीतून पाहून ते दिवस प्रत्येकाने पुन्हा भरावेत, अशी विनंती आहे.