खेळातल्या ताऱ्यांना खरी नावं देताना

अवकाशात भटकंती करायच्या खेळात ताऱ्याला 'झॉर्गॉन-७' असलं काहीतरी नाव ठोकून देणं सोपं असतं. त्याची कोणी शहानिशा करत नाही. पण नकाशावर 'एचआयपी ७०८९०' (हिप्पार्कोस या उपग्रहाच्या कॅटलॉगातला ताऱ्याचा क्रमांक) लिहिलंत की आकाशाची आवड असलेला माणूस लगेच ताडून बघतो. हा तर प्रॉक्झिमा! मग तो सूर्यापासून ४.२४ प्रकाशवर्षांवर हवा, लाल बटुतारा हवा आणि मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, त्याच्या शेजारी हवा. खरं नाव दिलं की जागा, रंग आणि शेजारही खरा द्यावा लागतो. बहुतेक घोळ होतात ते इथेच.

सुरुवातीला ताऱ्यांची तयार यादी असलेली एचवायजी ही फाइल घ्यावी. हिप्पार्कोस, येलचा ब्राइट स्टार आणि ग्लीझ अशा तीन कॅटलॉगांची मोट बांधून ती केलेली आहे. सुमारे १ लाख २० हजार तारे, साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकुराची फाइल), आणि एका ओळीत ताऱ्याचे बहुतेक सगळे क्रमांक. छोट्या खेळाला हिच्याहून जास्त लागत नाही.

मात्र ती जशीच्या तशी वापरता येत नाही. विषुवांश (ताऱ्याची आकाशातली पूर्व-पश्चिम जागा) तासांत दिलेला आहे, त्याला १५ ने गुणून अंश करायचे. हे राहिलं तर सगळं आकाश २४ अंशांच्या एका फाकेत कोंबलं जातं. ते निदान डोळ्यांना लगेच दिसतं. अंतराच्या रकान्यातला १,००,००० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) हा आकडा जास्त फसवा आहे. ते अंतर नव्हेच; पॅरलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं सरकणं, ज्यावरून अंतर काढतात) मिळालेला नाही किंवा भरवशाचा नाही, एवढीच ती खूण आहे. गाळला नाही तर आकाशगंगेच्या पार बाहेर, सव्वातीन लाख प्रकाशवर्षांवर, ताऱ्यांचं एक गोल कवच लटकताना दिसतं. आणि तयार मिळणारे एक्स, वाय, झेड हे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या हिशेबातले आहेत. आकाशगंगेची तबकडी खेळात आडवी ठेवायची असेल तर ते फिरवून घ्यावे लागतात (दीर्घिकेचा उत्तर ध्रुव: विषुवांश १९२.८६ अंश, क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनची उत्तर-दक्षिण जागा, २७.१३ अंश), नाहीतर तबकडी जवळजवळ ६३ अंश कलते.

यात खेळ ज्यावर बांधतात त्या इंजिनाची भर पडते. युनिटी आणि अनरिअल डाव्या हाताचे अक्ष वापरतात, खगोलशास्त्राची पद्धत उजव्या हाताची. आकडे तसेच ओतले तर आकाश आरशातल्यासारखं उलटं होतं. हे तपासायला मृग नक्षत्र पुरतं. कॅमेरा सूर्यावर ठेवा, उत्तर वर घ्या. लालसर काक्षी (बेटेलज्यूज) डावीकडे वर आणि निळसर राजन्य (रायजेल) उजवीकडे खाली दिसला पाहिजे. उलट दिसलं तर एका अक्षाचं चिन्ह बदला.

मृगातच आणखी एक तपासणी होते. त्रिकांड बाणातला मिंटाका (एचआयपी २५९३०) विषुववृत्ताला जेमतेम खेटून आहे, क्रांती उणे ० अंश १८ कला. मूळ कॅटलॉगातून अंश-कला-विकला वाचताना '-००' चा पूर्णांक केला की उणे चिन्ह गळतं आणि तारा अर्ध्या अंशाहून जास्त उत्तरेला सरकतो. तीन ताऱ्यांचा बाण जेमतेम पावणेतीन अंशांचा, त्यामुळे तो चक्क वाकडा दिसतो. चिन्ह वेगळ्या रकान्यात वाचायचं, एवढाच उपाय.

आता नावं. रेशनकार्डावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं, तशातली गत. प्रॉक्झिमा म्हणजेच जीजे ५५१, व्ही६४५ सेंटॉरी, एलएचएस ४९ आणि अल्फा सेंटॉरी सी. म्हणून नाव ही कधीही प्राथमिक की (डेटाबेसात नोंद ओळखायची खूण) करू नये. ताऱ्याला स्वतःचा अंतर्गत क्रमांक द्यावा आणि सगळी नावं वेगळ्या टेबलात त्याला जोडावीत. पडद्यावर कोणतं दाखवायचं याचा उतरता क्रम ठरवून टाका: आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मान्य केलेलं नाव, मग बायरचं ग्रीक अक्षर, मग फ्लॅमस्टीड, ग्लीझ (जीजे किंवा जीएल), हेन्री ड्रेपर (एचडी) या कॅटलॉगांतले क्रमांक, शेवटी हिप्पार्कोस (एचआयपी). संघाच्या यादीत भरणी आणि रेवती आहेत. एचडी ८६०८१ चं नाव बिभा आहे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या बिभा चौधुरींवरून. त्याच्या ग्रहाचं नाव संतमस. स्वाती, चित्रा मात्र त्या यादीत नाहीत. खेळ मराठीतही काढायचा असेल तर ती नावं भाषेच्या रकान्यात घाला आणि शोध दोन्हींतून चालू द्या.

शोध सोपा व्हावा म्हणून सगळी अक्षरं लहान करून जुळवायची सवय इथे नडते. एचडी १८९७३३ घ्या. स्मॉल बी लावला तर तो गुरूसारखा तप्त ग्रह, कॅपिटल बी लावला तर जोडीचा लाल बटुतारा. दोन्ही खरे आहेत. प्रत्येक ठिकाणाची वेगळी सेव्ह फाइल नावावरून बनत असेल, तर विंडोजवर एक दुसरीला पुसून टाकते. मोकळ्या जागा, जीएल की जीजे हे सगळं सपाट करा, शेवटच्या अक्षराला हात लावू नका.

ग्रहांची अक्षरं शोधाच्या क्रमाने लागतात, अंतराच्या नव्हे. ५५ कॅन्क्री ए भोवती आतून बाहेर ई, बी, सी, एफ, डी असा क्रम आहे. आतून बाहेर बी, सी, डी वाटत जाणारा जनरेटर या ताऱ्यापाशी बंदच ठेवावा लागतो. शिवाय ग्रह रद्दही होतात. बर्नार्डच्या ताऱ्याचा २०१८ मधला 'बी' २३३ दिवसांच्या कक्षेचा होता, तो टिकला नाही. २०२४ मधला 'बी' ३.१५ दिवसांत फेरी मारतो. ग्रहांच्या टेबलात स्थिती आणि तारीख असे दोन रकाने हवेतच.

जोडताऱ्यांत अंतराचं गणित फार हसं करतं. हिप्पार्कोसच्या २००७ च्या फेरमांडणीत अल्फा सेंटॉरी ए चा पॅरलॅक्स ७५४.८१ मिलिआर्कसेकंद (विकलेचा हजारावा भाग) आहे, बी चा ७९६.९२. हजाराला त्याने भागलं की पार्सेक मिळतात: १.३२५ आणि १.२५५. फरक ०.०७ पार्सेक, म्हणजे सुमारे १४,४०० खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). प्रत्यक्षात ते दोघे ११ ते ३६ एककांच्या अंतरात राहून ऐंशीएक वर्षांत एकमेकांभोवती फिरतात. बी च्या आकड्यातली त्रुटीच २६ मिलिआर्कसेकंदांची आहे, खेळ बिचारा ती वाचत नाही. जोडीला एकच अंतर द्या (इथे ४.३४ प्रकाशवर्षं) आणि कक्षा वेगळी ठेवा.

गाया या युरोपीय उपग्रहाच्या कॅटलॉगाची तिसरी आवृत्ती, डीआर३, घ्यायचा मोह होतो, १.८ अब्ज नोंदी आहेत. पण व्याध आणि मित्र यांच्यासारखे झगझगीत तारे त्यात नाहीत, आणि तिथले क्रमांक १९ अंकी आहेत. प्रॉक्झिमाचा ५८५३४९८७१३१९०५२५६९६ एक्सेलमध्ये संख्या म्हणून उघडला की शेवटचे चार अंक शून्य होतात, जावास्क्रिप्टही २ च्या ५३ व्या घातापुढे अचूक मोजत नाही. हा रकाना मजकूर म्हणूनच वाचावा. डीआर२ आणि डीआर३ मधले क्रमांकही एक धरू नयेत.

कॅटलॉगात लांबचे तारे दिसतात ते फक्त तेजस्वी. जवळचा वुल्फ ३५९ सुद्धा हिप्पार्कोसमध्ये नाही, फार मंद आहे. मधली पोकळी बनावट बटुताऱ्यांनी भरावीच लागते. त्यांना मात्र खोटे हिप्पार्कोस क्रमांक चिकटवू नका. ते सव्वा लाखाच्या आत संपतात, त्यामुळे 'एचआयपी ३४५६७८' वाचून जाणकार हसतात. 'एलिट डेंजरस' या अवकाशातल्या खेळाने विभागाचं नाव आणि पुढे अक्षर-अंकांचा संकेत अशी वेगळीच पद्धत लावली, ती चांगली आहे. क्रमांक लागोपाठ म्हणजे तारे शेजारी, असंही मोहिमेच्या मजकुरात लिहू नका. हिप्पार्कोसचे क्रमांक विषुवांशाने लागतात, अंतराशी त्यांचा संबंध नाही.

कॅटलॉगाची आवृत्ती सेव्ह फाइलमध्ये नोंदवा. काक्षी १९९७ च्या हिप्पार्कोसमध्ये सुमारे ४२७ प्रकाशवर्षांवर आहे, २००७ च्या फेरमांडणीत ४९८. मधेच टेबल बदललं तर तिकडे निघालेल्या खेळाडूचं इंधन वाटेतच संपतं. परवान्याचंही बघून ठेवा: एचवायजी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या शेअर-अलाइक अटीवर आहे, म्हणजे सुधारलेलं टेबल वाटलंत तर त्याच परवान्याखाली वाटावं लागतं. गाया वापरलंत तर श्रेयनामावलीत 'ईएसए/गाया/डीपीएसी' ही ओळ यायला हवी.