अकरा मिनिटे अडतीस सेकंद

लातूर, गुरुवार, २३ जानेवारी २०२५. रात्र.

मुंबईची मॅरेथॉन होऊन आज चार दिवस झाले. रविवारी रात्रीच्या गाडीने निघून सोमवारी सकाळी लातूरला उतरलो आणि त्याच दिवशी कामावर हजर झालो. पण ही वही उघडायला मात्र आजची रात्र उजाडावी लागली. वेळ नव्हता असे नाही. आकडा लिहायचा होता आणि तो लिहावासा वाटत नव्हता. आता लिहितो : ठरवलेला वेळ ४ तास, लागलेला वेळ ४ तास ११ मिनिटे ३८ सेकंद.

चार तास हा आकडा माझ्याकडे कोणी मागितला नव्हता. कार्यालयात ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना बेचाळीस किलोमीटर हेच पुरेसे होते; चार तास काय आणि सव्वाचार तास काय, त्यांच्या लेखी सारखेच. आईने फोनवर एवढेच विचारले, "पोचलास ना शेवटपर्यंत? मग झालं की." तिला अकरा मिनिटांचे दुःख समजावून सांगणे मला जमले नाही, आणि सांगू लागलो असतो तर बहुधा माझे मलाच हसू आले असते. तरीही गेले सहा महिने मी पहाटे साडेचारला उठून ज्या आकड्यासाठी औशाच्या रस्त्याने पळत होतो, तो आकडा चुकला, आणि तूट दिसली की ती कोणत्या पानावर पडली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. पतसंस्थांचे लेखापरीक्षण करण्यात बावीस वर्षे गेली. सवय आता सुटणार नाही.

प्रथम रविवारचा हिशेब. ४२.१९५ किलोमीटर चार तासांत संपवायचे तर दर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद पडतात. मी पहिले दहा किलोमीटर ५ मिनिटे २८ सेकंदांच्या गतीने धावलो. अंधार होता, गर्दी होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पहाटे पाचलाही माणसे टाळ्या वाजवीत उभी होती, आणि पाय इतके हलके होते की घड्याळाचा आकडा पाहून सावध होण्याऐवजी मी खूश झालो. सागरी सेतूवर पूर्वेकडे फटफटू लागले तेव्हा निम्मे अंतर जवळ आले होते. ते निम्मे १ तास ५७ मिनिटे १० सेकंदांत झाले, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटे माझ्या पदरी शिल्लक होती. शिल्लक म्हणतो खरा, पण ती उसनवारी होती. तिसाव्या किलोमीटरला तिच्यातली दीड मिनिटे उरली होती. तेथून पुढचे बारा किलोमीटर ५ मिनिटे ४९ सेकंदांच्या गतीने काढले असते तरी काम झाले असते. प्रत्यक्षात ती गती ६ मिनिटे ४६ सेकंदांवर आली.

वरळीला, तेहेतिसाव्या किलोमीटरच्या आसपास, मागून बोलण्याचा आणि पावलांचा एकत्रित आवाज आला. चार तासांचा झेंडा पाठीला लावून धावणारा पेसर, म्हणजे बरोबर तेवढ्या वेळात इतरांना पोचवणारा धावपटू, आणि त्याच्यामागची पंधरा-वीस जणांची टोळी होती. सकाळपासून तो झेंडा माझ्या मागे होता आणि मी त्याला विसरूनही गेलो होतो. त्यांनी मला शेजारून ओलांडले, एकजण म्हणाला, "चला काका, आमच्यासोबत या." मी सुमारे दोनशे मीटर त्यांच्यासोबत गेलो. नंतर त्या झेंड्यावरचा आकडा मला वाचता येईनासा झाला.

पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरनंतर येतो. एरवी मोटारीतून जाणाऱ्याला तो चढ आहे हे कळतही नसेल. मी तो बराचसा चालत चढलो, आणि उतारावर तरी पळेन असे स्वतःला सांगितले होते तेही पूर्ण पाळले नाही, कारण मांडीचे स्नायू उतारावर अधिकच दुखू लागले. शेवटचे १९५ मीटर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमुळे या शर्यतीला चिकटले आणि १९२१ साली हेच अंतर कायम झाले, हे मी पुष्कळांना मोठ्या उत्साहाने सांगत आलो आहे. रविवारी त्या १९५ मीटरांविषयी मला कसलाही उत्साह वाटला नाही.

आता तुटीची कारणे. परतताना गाडीत मला वरचा बर्थ मिळाला होता (त्यावर चढण्याचा प्रसंग पाहून खालच्या बर्थवरच्या बाईंनी न विचारता आपली जागा देऊ केली), आणि झोप येत नसल्याने दौंडपर्यंत मी मोबाइलवर ही कारणे मांडत बसलो होतो. त्या रात्री ती सगळी मला पटली होती.

पहिले कारण अंतराचे. घड्याळात ४२.७८ किलोमीटर भरले. शर्यतीचा मार्ग मोजणारे लोक सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावून सर्वांत जवळच्या रेषेने, वळणांच्या आतल्या कडेने मोजतात, आणि मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जास्त धरतात. ते बेचाळीस मीटर सर्वांच्याच वाट्याला येतात. बाकीचे साडेपाचशेच्या आसपास मीटर मी गर्दीतून वाट काढताना आणि बाहेरच्या कडेने वळणे घेताना स्वतः मिळवले. घड्याळाची चूकही त्यात थोडीफार असेल. पण घड्याळावर विसंबूनच पळायचे होते तर मी ५:४१ नव्हे, ५:३७ ही गती धरायला हवी होती. ही ३ मिनिटे २० सेकंद झाली.

दुसरे कारण हवेचे. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवा कोरडी असते. पंधरा किलोमीटर पळून आले तरी सदरा जवळजवळ सुका असतो आणि कपाळावर हात फिरवला की मिठाची पूड हाताला लागते. मुंबईत दहाव्या किलोमीटरलाच माझ्या कोपरांवरून पाणी टपकत होते. घाम अंगावरून उडून गेला तरच अंग थंड होते. नुसता गळून पडला तर तेवढे पाणी आणि मीठ मात्र वाया जाते. दमट हवेची शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि मी शनिवारी दुपारी तेथे पोहोचलो होतो.

पाण्याचे एक लिहून ठेवतो, कारण ते मला कोणाजवळ बोलता आले नाही. पाण्याच्या टेबलावरून बाटली घ्यायची, दोन घोट प्यायचे आणि पुढे फेकायची, अशी तेथली रीत आहे, आणि धावणाऱ्याच्या दृष्टीने ती योग्यही आहे. मला फेकता येईना. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते, आणि आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात घागरींच्या रांगेत रात्री दोन वाजता माझा नंबर असे. अर्धी भरलेली बाटली पायाखाली तुडवली जाताना पाहून मी पहिल्या तीन-चार वेळा ती हातात धरूनच पुढचा किलोमीटर पळालो. मग एका टेबलाजवळ घाम लागलेल्या हातातून ती निसटली आणि मी ती उचलायला वाकलो नाही. त्यानंतर मीही फेकू लागलो. यात वेळ गेला असेल तर काही सेकंद. मी ते हिशेबात धरत नाही, पण विसरतही नाही.

तिसरे कारण खाण्याचे. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, रूपात सुमारे दोन हजार किलोकॅलरी साठवू शकतात. माझे वजन ७० किलो. धावताना किलोमीटरला साधारण तेवढ्याच किलोकॅलरी लागतात. भागाकार केला तर साठा अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या किलोमीटरला संपतो. चरबीही सोबत जळत असते म्हणून तो थोडा लांबतो, पण सुरुवातीला गती वाढवली की साखरेचा खर्च वाढतो आणि तो तेवढाच आखडतो. वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असे सांगतात. मी चार तासांत तीन जेल (धावताना चोखायच्या साखरेच्या पाकाच्या पुड्या) घेतले, म्हणजे तासाला वीस ग्रॅमसुद्धा नाही. चौथे जेल खिशात घेऊन मी लातूरला परत आलो. ते या क्षणी टेबलावर आहे.

ही तीनही कारणे खरी आहेत. पण आज वहीची मागची पाने उलटली, आणि दौंडपर्यंत मांडलेला हिशेब मला अपुरा वाटू लागला.

चार तासांचा आकडा मी कोठून आणला होता, तेही वहीतच आहे. सप्टेंबरमध्ये मी २१ किलोमीटर १ तास ५२ मिनिटांत धावलो होतो. पीटर रीगेल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे अंतर दुप्पट झाले की वेळ २.०८५ पट होतो; त्यावरून माझी मॅरेथॉन ३ तास ५३ मिनिटांची निघत होती. त्यात सात मिनिटे सूट घालून मी चार तास धरले आणि स्वतःला सावध माणूस समजलो. त्या सूत्रामागची अट अशी की धावणाऱ्याने दोन्ही अंतरांची सारखीच तयारी केलेली असावी. मी उत्तर घेतले आणि अट सोडून दिली. एखाद्या संस्थेच्या व्यवस्थापकाने असे केले असते तर मी त्याला अर्धा तास ऐकवले असते.

तयारीच्या नोंदी अशा आहेत. आठवड्यातले तीन दिवस 'सोपी धाव' लिहिले आहे, आणि पुढे गती ५:३५, ५:३८, ५:३२. योजनेत त्या दिवसांची गती ६:३० होती. सोप्या म्हणवणाऱ्या त्या धावा शर्यतीच्या गतीहूनही जलद होत्या, कारण आमच्या गटात दोन तरुण मुले आहेत आणि त्यांच्या मागे राहणे मला जमत नाही. शिवाय अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर गाणी लावून जवळून जातात, तेव्हा माणूस घोळक्यातच राहू पाहतो. दुसरे कारण खरे असले तरी मुख्य कारण पहिलेच आहे. रोज थोडे जास्त पळायचे आणि रविवारी लांब पळायला पायांत जोर उरायचा नाही, असे तीन महिने चालले.

लांब धावा पाच ठरल्या होत्या. शेवटची, ३२ किलोमीटरची, रविवार २९ डिसेंबरला होती, आणि सोमवारी वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवशी, शेतात जाऊन जेवण्याचा सण. येळवशीच्या आदल्या दिवशी घरात काय असते हे लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको : भज्जीच्या भाज्या निवडणे, आंबिलाची तयारी, उंड्यांचे पीठ, आणि या सगळ्यांत भर म्हणून पुण्याहून आलेले पाहुणे. मी गेलो नाही. सोमवारी शेतात कडब्याच्या कोपीपुढे पंगतीत बसलो असताना मामांना कोणीतरी माझ्या शर्यतीविषयी सांगितले. त्यांनी आंबिलाचा लोटा खाली ठेवून शांतपणे विचारले, "बेचाळीस किलोमीटर? का रे, एस्टी बंद हाय का?" सगळे हसले, मीही हसलो, आणि तिसऱ्यांदा भज्जी घेतली. येळवशीला मी दोष देत नाही. ३२ किलोमीटर पुढच्या रविवारी करता आले असते. शर्यत दोन आठवड्यांवर असताना ते शहाणपणाचे झाले नसते, पण २२ डिसेंबर मोकळा होता आणि त्या दिवशी मी झोपलो होतो. वहीत 'विश्रांती' असे लिहिले आहे.

खरी अडचण १५ डिसेंबरच्या पानावर आहे. तेथे माझ्याच अक्षरात '२८ किमी, ठीक' अशी नोंद आहे. गेले महिनाभर मी ती नोंद धरूनच चाललो होतो. एकदा ३० आणि एकदा २८ झाले आहेत, तेव्हा पाया पक्का आहे, असे मी गटातही सांगितले. आज सहज घड्याळातील त्या दिवसाची धाव उघडली. २६.४ किलोमीटर. मग आठवले. औशाहून परतताना पोटरी धरली, मी थांबलो, आणि गटातल्या एकाच्या मोटारसायकलवर बसून घरी आलो. वही लिहिताना 'जवळजवळ अठ्ठावीसच' असे मनाशी म्हटले असणार. नोंद आहे आणि तिला पावती नाही, हा प्रकार मी दुसऱ्यांच्या दप्तरात आयुष्यभर पकडत आलो. बहुतेक वेळा त्या माणसाने पैसे खाल्लेले नसतात. त्याने फक्त महिनाअखेरीला बेरीज जुळवलेली असते.

त्या १.६ किलोमीटरमुळे रविवारची अकरा मिनिटे गेली असे मुळीच नाही. पोटरीने २६.४ ला जे सांगितले होते ते मी '२८, ठीक' असे लिहून घेतले, एवढेच. तिसाव्या किलोमीटरनंतर काय होणार याची खबर मला १५ डिसेंबरलाच मिळाली होती, आणि ती ज्याने दाबून ठेवली त्याच्याशी मी त्या दिवसापासून रोज सकाळी आरशात बोलत होतो. हे कळल्यावर चार तास चुकल्याचे दुःख थोडे कमी झाले. त्याच्या जागी आले ते अधिक ओशाळवाणे होते.

दप्तरातील चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नसते, तिच्यावर पांढरी शाई फासायची नसते. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर दुरुस्त आकडा लिहायचा आणि शेजारी सही करून तारीख टाकायची. तसे केले. '२८' वर रेघ, वर '२६.४', 'ठीक' वर रेघ, वर 'पोटरीमुळे थांबलो. मोटारसायकलवरून परत', सही, २३/१. मग सोप्या धावांची पाने घेतली आणि 'सोपी' या शब्दावर एकेक रेघ मारत गेलो. एकोणचाळीस निघाल्या.

आजची नोंद : ४.१ किलोमीटर, गंजगोलाईपर्यंत आणि परत. चालत. जिना उतरताना उजवी मांडी अजून दुखते; कठड्याला धरून, एकेक पायरी, उलटा उतरलो.