मुंग्या घालवायच्या असतील तर आधी त्यांच्या मागे जा

ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की हात आपोआप फडक्याकडे नाहीतर स्प्रेच्या डब्याकडे जातो. माझं सांगणं आहे की आधी थोडा वेळ काहीच करू नका, नुसतं बघा. रांगेत दोन्हीकडून ये-जा चालू असते, काही मुंग्या रिकाम्या येत असतात, काही पोट भरून परत निघालेल्या असतात, आणि टॉर्च धरून जवळून बघितलं तर भरलेल्या मुंगीचं पोट चक्क ताणलेलं दिसतं, अगदी बारीक जातींमधे तर आतला गोड द्रव आरपार चमकतो. ह्या परत चाललेल्या मुंग्यांच्या मागे जायचं. त्या कुठे घुसतात? खिडकीच्या चौकटीत, सिंकखाली पाईप भिंतीत शिरतो तिथे, स्विचबोर्डाच्या मागे... ते ठिकाण सापडलं की अर्धं काम झालं. दुसऱ्या टोकाला गेलात की त्या कशासाठी आल्यात तेही कळतं आणि ते बऱ्याचदा अगदी फुटकळ असतं, मधाच्या बाटलीच्या तळाशी आलेला चिकट ओघळ, मांजराच्या वाटीखाली सांडलेलं खाणं, कचऱ्याच्या डब्याचा न धुतलेला तळ.

दिसतील तेवढ्या मारून का भागत नाही, तर घरट्याबाहेर पडून खाणं शोधणाऱ्या मुंग्या म्हणजे वसाहतीचा लहानसा हिस्सा असतो, त्याही बहुतेक वयाने मोठ्या झालेल्या कामकरी मुंग्या. बाकी सगळ्या आत, अळ्या आत, कोश आत, आणि राणी तर आतच. राणीचं आयुष्य किती असावं? काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे! ती अंडी घालत राहणार आणि ओट्यावर पाठवायला नव्या मुंग्या तयार होत राहणार, तुम्ही रोज शंभर पुसून काढल्या तरी तिला काही फरक पडत नाही.

रांग पुसायची मात्र नीट. मुंगी चालताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत वासाचा माग सोडत जाते आणि मागच्या मुंग्या तो माग धरून येतात, खाणं सापडलेली प्रत्येक मुंगी परत जाताना तो अजून पक्का करते. नुसतं कोरडं फडकं फिरवलं की थोड्या वेळ गोंधळ होतो आणि परत रांग लागते. साबणाचं पाणी घ्या, सुरुवातीपासून ते भिंतीतल्या फटीपर्यंत पूर्ण रस्ता पुसा, मग स्वच्छ पाण्याने परत एकदा. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पण चालतं, फक्त संगमरवरावर नको, दगडाची चमक जाते. आणि एवढं लक्षात असू द्या की व्हिनेगरने माग पुसला जातो, वसाहत मरत नाही. लोक "व्हिनेगर मारलं तरी दोन दिवसांनी आल्याच" म्हणून वैतागतात, त्या येणारच, कारण खाणं तिथेच आहे आणि फट उघडीच आहे.

लवंग, दालचिनी, पुदिन्याचं तेल, लिंबाची सालं ह्यांचंही तेच. वास उग्र असतो तोवर मुंग्या वळसा घालतात, वास उडाला की परत सरळ येतात. फट बुजवायला वेळ मिळेपर्यंत तात्पुरतं म्हणून मी हे करते, त्यापलीकडे त्यावर विसंबत नाही. घरात मांजर असेल तर ही तेलं जरा जपून, टी ट्री ऑइल तर नकोच, मांजरांना त्याची विषबाधा होते. भरड पीठ खाऊन मुंग्या फुगून मरतात हे तर कुठूनही फिरत येतं, ते खरं नाही. पूर्ण वाढलेली मुंगी घन पदार्थ गिळूच शकत नाही, ती फक्त द्रव पिते, घन तुकडे ती घरट्यात नेऊन अळ्यांना देते आणि अळ्या ते पचवून द्रवरूपात परत देतात. मुंग्यांचा खडू हा काही लोक घरगुती उपायात धरतात, पण त्यात बहुतेकदा सरळ सरळ कीटकनाशक असतं, लहान मुलांच्या हाताला लागेल असा तर अजिबात ओढू नका.

हे द्रव पिण्याचं प्रकरण नीट समजून घ्या कारण घरातल्या मुंग्यांवरचा खरा चालणारा उपाय त्यावरच उभा आहे. मुंगीला दोन पोटं असतात म्हणा ना, एक स्वतःचं आणि एक सगळ्यांसाठीचं. बाहेरून भरून आणलेलं ती घरट्यात तोंडाला तोंड लावून दुसऱ्यांना पाजते, ती पुढे तिसरीला, असं करत ते राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत पोचतं. म्हणजे आमिषात हळू काम करणारं काहीतरी असलं तर ते मुंग्या स्वतःच आत नेऊन वाटतात. त्यासाठी टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. २०० मिली कोमट पाणी, ४० ग्रॅम साखर आणि फक्त २ ग्रॅम टाकणखार, म्हणजे साधारण अर्धा लहान चमचा, सपाट. नीट विरघळवायचं, कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवायचा आणि ते झाकण रांगेच्या कडेला. साधारण एक टक्का एवढंच प्रमाण पाहिजे. जास्त घातलं की जास्त चांगलं असं इथे नाही, जास्त झालं तर मुंगी वाटेतच मरते, घरट्यापर्यंत काही पोचत नाही, किंवा त्या त्याला तोंडच लावत नाहीत.

आता ह्यात सगळ्यात अवघड भाग असा की आमिष ठेवल्यावर रांग वाढते. झाकणाभोवती गर्दी होते, गोल करून प्यायला बसतात. बघवत नाही, पण त्यांना पिऊ द्यायचं, पुसायचं नाही, मारायचं नाही, शेजारी व्हिनेगर तर मुळीच फवारायचं नाही. बोळा वाळला की नवीन ठेवायचा. दोन-चार दिवसांत गर्दी पातळ होते, पूर्ण बंद व्हायला दोन-तीन आठवडे पण लागू शकतात, वसाहत मोठी असेल तर अजून जास्त. गोडाला बघतच नसतील तर त्यांना त्या वेळी तेलकट किंवा प्रथिनाचं हवं असतं, अळ्या वाढत असताना असं होतं, मग तेच टाकणखार शेंगदाण्याच्या लोण्यात अगदी थोडं मिसळून बघा.

टाकणखार निसर्गात सापडतो म्हणून निरुपद्रवी होत नाही हं. पोटात गेला तर लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्रास होतो, काही देशांत तो घरगुती वापरासाठी असा सहज विकतही नाहीत. त्यामुळे झाकण उघडं ठेवू नका, बारीक भोकं पाडलेल्या डबीत बंद करून, फर्निचरच्या मागे, हात पोचणार नाही तिथे. आणि बागेत मातीवर तर ओतूच नका, त्यातलं बोरॉन थोडं जास्त झालं की झाडांची पानं कडेने करपतात.

स्प्रेबद्दल एक सांगते, कारण ह्याने नुकसान होताना खूप दिसतं. घरात येणाऱ्या काही अगदी बारीक पिवळसर मुंग्या असतात, फेरो मुंगी म्हणतात त्यांना, त्यांच्या एका वसाहतीत बऱ्याच राण्या असतात. उग्र स्प्रे मारला की धोका ओळखून एखादी राणी थोड्या कामकरी आणि अळ्या घेऊन वेगळी निघते आणि दुसऱ्या भिंतीत नवीन घरटं करते. म्हणजे एका खोलीतल्या मुंग्या घालवायला गेलो आणि तीन खोल्यांत झाल्या. अशांना फक्त आमिष.

मुंग्या कमी झाल्या की मग फटी बुजवा, सिलिकॉन, पुट्टी, सिमेंट जे जिथे बसेल ते. आणि बाहेरून घराला टेकलेल्या फांद्या, वेली छाटा. वेल खिडकीला लागलेली असेल तर आतलं सगळं बुजवून पण त्या वरून येतातच.

आता बाग, आणि मला खरं तर ह्याबद्दलच जास्त लिहायचं होतं. बागेत मुंग्या दिसल्या की लगेच मारायला धावू नका कारण बागेत त्यांचं काम फार मोठं आहे. माती भुसभुशीत करतात, मेलेले किडे उचलून नेतात, वाळवी खातात, अळ्या खातात, काही झाडांच्या बिया तर मुंग्याच पसरवतात. चीनमधे संत्र्याच्या बागेत किडी खायला म्हणून पानं जोडून घरटं करणाऱ्या मुंग्या मुद्दाम आणून सोडायची पद्धत शेकडो वर्षांपासून आहे. जमिनीवर फिरणाऱ्या मुंग्यांनी तुमचं काही बिघडत नसेल तर त्यांना राहू द्या.

पण झाडावर वर-खाली रांग लागली असेल तर मात्र शेंड्यापर्यंत जाऊन बघा. कोवळ्या पानाच्या मागची बाजू उलटी करा. तिथे मावा असेल, नाहीतर पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग, नाहीतर खोडाला चिकटलेली खवले कीड. हे सगळे झाडाचा रस पितात आणि जास्तीची साखर मागून गोड चिकट थेंबांनी बाहेर टाकतात, मुंग्या त्यासाठी आलेल्या असतात. भिंग असेल तर नक्की बघा, मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर हलकं थापटते, माव्याच्या मागून एक थेंब येतो, ती तो पिते आणि पुढच्याकडे जाते. दूध काढल्यासारखंच. त्या बदल्यात ती माव्याची राखण करते, लेडीबर्ड ह्या ठिपकेदार भुंग्याची अळी जवळ आली तर चावून हाकलते, ही अळी एरवी दिवसभर मावा फस्त करत बसते. म्हणून ज्या झाडावर मुंग्या असतात तिथे मावा आवरत नाही, आणि पानांवर सांडलेल्या चिकटपणावर काळी काजळीसारखी बुरशी धरते.

म्हणजे इथे मुंगी मारून काही होणार नाही, मावा घालवा आणि मुंग्यांचा रस्ता तोडा, दोन्ही एकत्र. माव्यासाठी सगळ्यात आधी पाण्याचा जोरदार फवारा, पानाच्या मागून, खाली पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. मग एक लिटर पाण्यात ५ मिली सौम्य लिक्विड साबण, किंवा ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळावं म्हणून साबणाचे काही थेंब, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आधी दोन-चार पानांवर करून बघा. फुलं उमललेली असतील आणि मधमाश्या येत असतील तर फुलांवर नको. आणि एकदा करून सोडू नका, मावा अनुकूल हवेत अंडी न घालता थेट पिल्लंच देतो आणि ती पिल्लं आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः पिल्लं द्यायला लागतात, त्यामुळे दर चार-पाच दिवसांनी बघत राहायचं.

रस्ता तोडायला खोडाभोवती आधी कापड किंवा जाड कागद घट्ट गुंडाळा आणि त्यावर चिकट पट्टी किंवा ग्रीस. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल खराब होते. धूळ बसली की पट्टी निकामी, बदलायची. आणि झाडाची दुसरी कुठली फांदी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत नाही ना ते बघा, एवढी मेहनत करून त्या तिकडून फिरून वर जातात. कुंड्या स्टँडवर असतील तर पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की झालं, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे पृष्ठभागावरून चालत जाता येणार नाही, आणि दर आठवड्याला पाणी बदला नाहीतर डासांची सोय व्हायची.

कुंडीच्या आतच घरटं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा माती फार कोरडी राहते आहे. अख्खी कुंडी बादलीत अशी बुडवा की पाणी मातीच्या जरासं वर येईल, वीस-तीस मिनिटं. बुडबुडे येतात आणि मग मुंग्या तोंडात पांढरे दाणे घेऊन काठावर चढतात, लोक त्याला अंडी म्हणतात पण त्या बहुतेक अळ्या आणि कोश असतात, अंडं फार बारीक असतं. काठापासून जमिनीपर्यंत एक काठी टेकवून ठेवली तर त्या तिच्यावरून निघून जातात, म्हणून हे घरापासून लांब करा. मग पाणी पूर्ण निथळू द्या आणि पुढे पाणी नियमित.

उकळतं पाणी वारुळात ओतायचा उपाय मी फक्त चावणाऱ्या लाल मुंग्यांसाठी, लहान मुलं खेळतात अशाच जागी सांगेन. पाणी खोल राणीपर्यंत पोचेलच असं नाही, दोन-तीनदा करावं लागतं, जवळच्या झाडांची मुळं मरतात, आणि ओतताना स्वतःच्या पायावर पडलं तर वाईट भाजतं. डायटोमेशियस अर्थची पांढरी पावडर मिळते, सूक्ष्म शेवाळांच्या जीवाश्मांची, ती किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर घालवते आणि तो सुकून मरतो. कोरडी असेपर्यंतच चालते, पाणी लागलं की काही उपयोग नाही. फूड ग्रेडच घ्या, स्विमिंग पूलवाली नको, आणि टाकताना तोंडाला मास्क, ती धूळ फुफ्फुसाला चांगली नाही. फुलांजवळ टाकू नका, मधमाशी आणि मुंगी असा फरक ती करत नाही.

पाऊस पडून गेल्यावर एकदम पंखवाल्या मुंग्या निघाल्या तर त्यांना काही करायची गरज नाही, एक-दोन दिवसांत संपतात. पण त्या मुंग्याच आहेत ना ते बघून घ्या. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ मण्यांसारख्या, चारही पंख सारखे. आणि दाराच्या चौकटीखाली लाकडाचा बारीक भुसा पडत असेल, त्यात किड्यांचे तुकडे दिसत असतील, आणि रात्री मोठाले काळे मुंगळे फिरताना दिसत असतील तर ते लाकूड पोखरून आत राहतायत. ते लाकूड बहुतेक कुठून तरी ओलं होत असतं. आधी गळती शोधा, आणि चौकट बोटाने दाबून पोकळ वाटली तर घरगुती उपायात वेळ न घालवता माहितगार माणसाला बोलवा.