गोदाला बॉल का टाकू देत नाही?

"लॅब आहे ना? मग पाण्यात बॉल टाकला तर एवढं ओरडायला काय झालं?" गोदा ही आमची लॅब्रॅडोर कुत्री. अमेरिकेतल्या लेक मिशिगन या अवाढव्य तळ्याच्या काठावर दर उन्हाळ्यात मला हे कुणीतरी विचारतंच. घरी आले की दुसरा प्रश्न तयार असतो: "एवढी भीती वाटते तर पाण्यावर नेतेसच कशाला तिला?" पहिला प्रश्न काठावरच्या अनोळखी माणसांचा आणि मंडळातल्या मैत्रिणींचा, दुसरा आईचा नि नवऱ्याचा. तिची ओली लीश, म्हणजे पट्टा, ओढत वाळूत उभं राहून याचं नीट उत्तर देता येत नाही. मी तुटक बोलते आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सगळं सांगते.

ऑगस्ट २०२२. आई-आप्पा नाशिकहून आले होते. मिशिगन राज्यात, मस्कीगन गावाच्या बाजूला चार दिवसांसाठी कॉटेज घेतलं होतं, कारण तिथे कुत्र्यांना पाण्यात जाऊ देणारा काठ आहे. उन्हाळ्यात असे काठ शोधावे लागतात. याच तळ्याच्या काठावरच्या स्लीपिंग बेअर ड्यून्स या संरक्षित किनाऱ्यावर कुत्रा सहा फुटांच्या लीशवर ठेवावा लागतो, आणि तोही ठरावीक भागातच. तिथल्या वाळूत पायपिंग प्लोव्हर नावाचे दुर्मिळ पक्षी घरटी करतात, त्यामुळे मला तो नियम पटतो. पण गोदाला मोकळं पोहायचं असतं. शिकागोत मॉन्ट्रोजच्या डॉग बीचवर ती पोहायला शिकली तेव्हापासून पाणी दिसलं की तिचं अंग थरथरतं.

पहिल्या दिवशी आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. "अगं, गोडं आहे की!" पैलतीर दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, आणि पाणी गोडं. त्यांना त्याचं फार अप्रूप वाटलं. मलाही त्या कौतुकाचा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आम्ही काठावर पोचलो. बॉल मी टाकत होते. दुसरं कुणी नाही, मीच. टेनिस बॉल, पंधरा-वीस पावलांवर. गोदा झेपावायची, आणायची, माझ्या पायाशी टाकून भुंकायची. दीड तास हेच चाललं. बॉल तोंडात असला की कुत्र्याला तोंड मिटता येत नाही. दातांत बॉल, ओठांच्या कडा उघड्या, आणि समोरून येणारी प्रत्येक लाट थोडी थोडी घशात. हे मला आज दिसतं. त्या दिवशी मला फक्त तिचं डोकं दिसत होतं, पाण्यावर सरळ रेषेत माझ्याकडे येणारं.

शेजारच्या एका बाईंनी मला विचारलं, बराच वेळ झाला नाही का? मी म्हणाले, "लॅब आहे ती. दमली की आपोआप थांबेल."

हेच वाक्य तुम्ही मला आता ऐकवता तेव्हा मी चिडते. ते माझंच वाक्य आहे.

मग तिला उलटी झाली. नुसतं पाणी, स्वच्छ पाणी. मला वाटलं, जास्तीचं प्यायली होती, निघून गेलं, बरं झालं. आणि त्यानंतर मी आणखी पाच-सहा वेळा बॉल टाकला. हे नवऱ्यालासुद्धा मी वर्षभर सांगितलं नव्हतं.

परत निघालो तेव्हा पार्किंगकडे जाणाऱ्या लाकडी पायऱ्यांवर तिचे मागचे पाय फाकले. पोट ढोलासारखं ताणलं होतं. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. भर उन्हात तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि ती माझ्याकडे बघत असूनही बघत नव्हती. आई म्हणाली, "दमलीये गं, झोपू दे." दहा मिनिटांत गाडीत तिला फिटचा झटका आला. तिचं डोकं आप्पांच्या मांडीवर होतं. ग्रँड रॅपिड्स शहरातल्या प्राण्यांच्या इमर्जन्सी दवाखान्यापर्यंत पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात आणखी एक झटका.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पोहत होती का? किती वेळ?" मग रक्त घेतलं. कुत्र्याच्या रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, लिटरमागे साधारण १४० ते १५५ मिलिमोल असतं. तिचं ११८ होतं. पोटात गेलेलं गोडं पाणी रक्तात उतरतं, सोडियम पातळ होतं, मग ते पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. बाकीचं शरीर ती सूज कशीबशी सामावून घेतं, पण मेंदूभोवती कवटी असते, तिथे जागाच नसते. त्यात सोडियम भराभर वाढवलं तर मेंदूला वेगळीच इजा होते. म्हणून सलाईनही मोजून, दर काही तासांनी रक्त तपासत. दोन रात्री आम्ही फोनजवळ बसून काढल्या.

आप्पांना मी समजावून सांगितलं तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "पाणी पिऊन? माणसाच्या तोंडात शेवटी पाणी घालतो आपण." पुढे काही बोलले नाहीत.

गोदा वाचली. आज ती सात वर्षांची आहे आणि अजूनही पोहते.

"आमचा कुत्रा दहा वर्षं बॉल आणतोय, काही झालं नाही," असं तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. असं क्वचितच होतं. मी तुम्हाला तुमच्या कुत्र्यावरून घाबरवत नाहीये. पण जो कुत्रा थांबतच नाही, त्याच्या बाबतीत क्वचित या शब्दाचा मला काही उपयोग होत नाही. खारं पाणी पोटात गेलं तर तेही वाईटच, पण समुद्रावर आपण सावध असतो, कुत्र्याला पाणी पिऊ देत नाही. तळ्यावर मात्र 'पिऊ दे की, गोडं तर आहे' असं म्हणतो. बागेतल्या पाइपच्या धारेशी खेळतानाही हेच होऊ शकतं.

आता बॉल नाही, कापडी चपटी तबकडी. ती धरताना तोंड बरंचसं मिटतं. अंगात लाइफ जॅकेट असतं, त्यामुळे डोकं जरा वर राहतं. दहा मिनिटं पोहणं, मग काठावर सावलीत बसणं, लघवी होईपर्यंत परत पाण्यात नाही. दहा मिनिटं हा आकडा माझा आहे, कुणा डॉक्टरनं लिहून दिलेला नाही. कधी वाटतं आठच करावीत, कधी वाटतं मी तिची मजा मिनिटांत मोजून तिच्यावर अन्याय करतेय.

आणि नेतेच कशाला? गाडी इंडियाना ओलांडून मिशिगनमध्ये शिरली की ती मागच्या खिडकीच्या फटीला नाक लावून उभी राहते. मी तिला नाही म्हणू शकत नाही. नवरा म्हणतो, हे प्रेम नाही, हट्ट आहे. तो आता काठावर येत नाही, कॉटेजमध्येच थांबतो. त्याचं चूक आहे असं मला सिद्ध करता आलेलं नाही. या ऑगस्टचं बुकिंग मी केलंय, त्याला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या जुलैत सात-आठ वर्षांच्या एका मुलानं गोदासाठी पाण्यात बॉल टाकला आणि मी त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडले की तो रडायला लागला. त्याची आई आपल्या मंडळातलीच आहे. हे वाचत असाल तर, त्याच्यावर ओरडायला नको होतं मी. बॉल मात्र तेव्हाही काढून घेतला असता आणि आजही घेईन. तो अजून आमच्या गाडीच्या डिकीत आहे, पुढच्या कार्यक्रमाला येताना आणते.