निगेटिव्ह मार्किंग नसलेलं वर्ष

मी अंबाजोगाईची. अकरावी-बारावी लातूरला केली, म्हणजे काय केलं हे मराठवाड्यातल्या कुणाला वेगळं सांगायला नको. पहाटे क्लास, कॉलेजची हजेरी नावापुरती, संध्याकाळी पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर रँकची यादी. 5 मे 2024 ला नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली. मार्क असे पडले की आदल्या वर्षी असते तर कुठे ना कुठे सरकारी सीट लागली असती. पण त्या वर्षी कटऑफ कुठच्या कुठे गेला. पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720. मग 1563 मुलांचे ग्रेस मार्क रद्द, त्यांना फेरपरीक्षा, मोर्चे, कोर्ट. "री-नीट होणार" या आशेवर आमच्या घराने जून काढला, जुलैही काढला. 23 जुलैला सुप्रीम कोर्टाने सरसकट फेरपरीक्षा नाही म्हणून सांगितलं, तोवर मी पुण्यात एका कॉलेजात बीएस्सीला नाव घालून बसले होते.

घरी ठरलं ते असं: बीएस्सी नुसती चालू ठेवायची आणि खरी तयारी रिपीटची करायची. पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांच्या हिशोबात बीएस्सी म्हणजे आंतरपीक.

नारायण पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. तिघींची खोली, एक खिडकी, गिझरला सकाळी सात ते आठ. कोर्टाचा निकाल मंगळवारी लागला आणि गुरुवारी, 25 जुलैला, मुठेला पूर आला. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, नदीकाठचा रस्ता बंद, शाळा-कॉलेजांना सुट्टी. सिंहगड रोडच्या एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरल्याचे व्हिडिओ बघून आईचे दिवसभर फोन. तिला नारायण पेठ आणि सिंहगड रोड यातलं अंतर पटवून देण्यात माझा पुण्याचा भूगोल पक्का झाला.

राहण्या-खाण्याचं फार सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. मेस रविवारी संध्याकाळी बंद असते आणि नेमकी तेव्हाच कडकडून भूक लागते. एक कामाचं तेवढं सांगते. महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरची, स्कॉलरशिप फॉर्मात लिहिलेल्या खात्यात येत नाही, आधारला जे खातं शेवटी सीड केलंय, म्हणजे जोडलंय, त्यात येते. माझी ती गावाकडच्या, कधीच न वापरलेल्या खात्यात जाऊन पडली होती. फॉर्म भरायच्या आधी आधारच्या साइटवर बघून घ्या.

आता मुद्द्याचं. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 आणि चुकलं तर एक वजा. दोन वर्षं हा हिशोब केला की तो डोक्यात राहत नाही, जिभेवर येऊन बसतो. खात्री नसेल तर सोडून द्यायचं. वर्गात सरांनी विचारलं, पाच जणांनी काहीबाही सांगितलं, मी गप्प. उत्तर मला बहुतेक वेळा येत असायचं. पण "बहुतेक" म्हणजे शंभर टक्के नाही, मग कशाला तोंड उघडा. पुण्यातल्या शाळांमधून आलेली मुलं बिनधास्त चुकायची आणि सर त्यांच्याशी बोलत राहायचे. माझ्याशी कोण बोलणार? मला नावानं ओळखायलाच त्यांना दिवाळी उजाडली.

पहिल्या अंतर्गत परीक्षेत स्पायरोगायरा या शेवाळाच्या प्रजननावर पाच मार्कांची टीप होती. एनसीईआरटीतली त्याबद्दलची ओळन् ओळ मला पाठ. चार पर्याय दिले असते तर डोळे मिटून खूण केली असती. कागदावर मात्र दोन ओळी उतरल्या आणि पेन थांबलं. समोर आलेलं ओळखणं आणि आपण होऊन काही लिहिणं ही दोन वेगळीच कामं आहेत. यातल्या दुसऱ्या कामाचा सराव दोन वर्षांत कुणी एकदाही घेतला नव्हता. बारावीच्या प्रॅक्टिकलचं तर बोलायलाच नको, जर्नल झेरॉक्सवरून उतरवलेली.

त्यामुळे कांद्याच्या मुळाची स्लाइड हे माझं पहिलं खरंखुरं प्रॅक्टिकल. ग्लासवर ठेवलेल्या कांद्याची मुळं, टोकाकडचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा, त्यावर अ‍ॅसिटोकार्मिन या रंगाचा थेंब, थोडं गरम करायचं, कव्हरस्लिप ठेवून वर टिपकागद आणि मग अंगठ्याने दाबायचं. कमी दाबलं तर पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात, अंगठा जरा सरकला तर सगळंच चिरडतं. पुस्तकात पेशी विभाजनाच्या चार अवस्था चार चौकटींत छान मांडलेल्या असतात. माझ्या स्लाइडमध्ये लालसर ठिपक्यांची गर्दी होती आणि बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे बघण्यासारखं काही चाललेलंच नाही. मी जर्नलमध्ये त्या चारातला मेटाफेज काढायला घेतला. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे तुला दिसलं, की तुला माहितीये?"

"माहितीये."

"मग दिसेपर्यंत शोध. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणून लिही. मी मार्क कापणार नाही."

हे शेवटचं वाक्य मला खरंच वाटेना. पण मी शोधत बसले. स्लाइड मिलिमीटर-मिलिमीटर सरकवताना एका कोपऱ्यात एक पेशी सापडली, गुणसूत्रं मधोमध ओळीत, जरा तिरकी. पुस्तकातल्या इतकी देखणी नव्हती. बाकीच्या तीन अवस्थांपैकी दोन दिसल्या नाहीत आणि तसं मी लिहिलं. जर्नलवर सही झाली.

दुसरी गोष्ट लायब्ररीची. खर्चाला हातभार म्हणून मी कमवा आणि शिका योजनेत नाव दिलं. विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. तासावर पैसे मिळतात, फार नाहीत, पण चहा आणि झेरॉक्स निघते. मला काम लागलं परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं. पुस्तकांना विषयवार नंबर देण्याची ड्यूई पद्धत तिथल्या काकांनी मला एका दुपारी शिकवली: 500 विज्ञान, 540 रसायन, 580 वनस्पती, 891.46 मराठी साहित्य. पॉइंटनंतरचे आकडे नीट बघायचे, कारण चुकीच्या रॅकवर गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. या कामाने माझं काय झालं, तर मुलं येऊन मलाच विचारायला लागली. "ताई, जेनेटिक्सचं कुठंय?" थर्ड इयरची मुलंसुद्धा ताई म्हणायची. काउंटरपाशी उभं राहून "खात्री नाही, म्हणून सांगत नाही" असं चालत नाही. "बहुतेक तिकडे असेल, चला बघू" म्हणावंच लागतं. हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणायला लागले की ते वर्गातही तोंडातून जायला लागलं. वक्तृत्व स्पर्धा, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं यांच्या जाहिराती पेठांत खांबाखांबावर असतात. त्यांना माझा विरोध नाही, पण मला रॅकने बोलतं केलं.

580 च्याच रॅकवर थिओडोर कुकचे खंड भेटले. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंद, मूळ 1901 ते 1908 मधली, आमच्याकडे पुनर्मुद्रण. हा गृहस्थ रेल्वेचा इंजिनियर म्हणून हिंदुस्थानात आला आणि पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य झाला. पूल-रस्ते शिकवणाऱ्या माणसाने इलाखाभरच्या झाडाझुडपांचा ग्रंथ लिहिला! आमच्याकडे इंजिनियरिंगवाला बायोलॉजीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

दुसऱ्या सत्रात मॅडम आम्हाला वेताळ टेकडीवर घेऊन गेल्या. गिरिपुष्पाच्या लागवडीतून वर गेल्यावर मधेमधे मूळची झाडं लागतात. तिथे प्रत्येकाला एकेक फांदी दिली आणि कुळ शोधायला सांगितलं. माझ्या वाट्याला आलेली काटेरी, पानं थोडीच, आणि पिवळट गोल फळ. हातात घेतल्या घेतल्या काटा बोटात गेला. कुळं ओळखायच्या किल्लीत दरवेळी दोनच पर्याय असतात: पानं एकाआड एक, की समोरासमोर? पानं झुपक्यात होती, मी एकाआड एक धरलं आणि चार पायऱ्यांनंतर भलत्याच कुळात पोचले. नीटची सवय अशी की पोटात गोळा आला, गेले मार्क. मॅडम म्हणाल्या, "मागे जा की. किल्लीत मागे जाता येतं." मागे आले. पुन्हा फांदी फिरवली तर काटे समोरासमोर होते. म्हणजे पानंही मुळात समोरासमोरच, फक्त आखूड फांदीवर दाटलेली. फळाच्या डोक्यावर निदलपुंजाचा मुकुट होता, पेरूला असतो तसा, म्हणजे बीजांडकोश खालचा. अर्ध्या तासाने कुळ मिळालं, रुबिएसी. नाव लायब्ररीत कुकमध्ये सापडलं: रँडिया ड्युमेटोरम. आताच्या नावाने कॅट्युनारेगम स्पिनोसा, आपली गेळ. आजी उलटीचं औषध म्हणून गेळफळाचं नाव घ्यायची. फळ मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

नीट 2025 च्या फॉर्मची शेवटची तारीख 7 मार्च होती. रूममेट सांगलीकडची ताई एमपीएससी करते. तिच्या कपाटाच्या दारावर वेळापत्रक चिकटवलंय, त्यातल्या तारखा व्हाइटनर लावून दरवर्षी बदलते. व्हाइटनरचा थर आता नखाला लागतो. तिच्याबद्दल मला आदरच आहे, ती माझ्या दुप्पट अभ्यास करते. पण ते दार रोज डोळ्यांसमोर असताना मी स्वतःला विचारलं, डॉक्टर व्हायचंय का? तर आठवून आठवून जे सापडलं ते सगळं पप्पांनी, क्लासच्या सरांनी, आत्याने म्हटलेलं होतं. डॉक्टर होण्यात काही वाईट नाही. माझ्याकडे स्वतःचं असं त्याबद्दल एकही वाक्य नव्हतं. आणि रुबिएसीबद्दल मी तासभर बोलू शकत होते.

फॉर्म भरणार नाही, हे पप्पांना फोनवरच सांगितलं. बराच वेळ दुकानातला आवाज ऐकू येत राहिला, कुणीतरी युरियाचा भाव विचारत होतं. मग म्हणाले, "आईला तूच सांग."

आईने आधी विचारलं, हे बीएस्सी तीन वर्षांचं की चार? मी नव्या शैक्षणिक धोरणाचं सगळं समजावलं: एका वर्षाला सर्टिफिकेट, दोन वर्षांना डिप्लोमा, तिसऱ्याला पदवी, चौथ्याला ऑनर्स. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मग एका वर्षाचं सर्टिफिकेट घे आणि ये की घरी." चार दिवस धुसफूस झाली. आत्या अजूनही बोलत नाही. मेसचे पैसे मात्र पाच तारखेला आले.

सेकंड इयरला बॉटनी घेतलीय. पुढे काय, हे विचारणाऱ्यांना पप्पा परस्पर "फॉरेस्ट ऑफिसर" सांगून टाकतात. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही. हल्ली शेतकरी दुकानात कसलं कसलं तण घेऊन येतात, त्याचे फोटो ते मला पाठवतात. "हे कोणतं? लवकर सांग, तणनाशक द्यायचंय." मी लिहिते, पानं समोरासमोर आहेत का, देठापाशी जवळून एक फोटो काढा, फूल असेल तर तेही. पलीकडून निळ्या टिका होतात, मग पाच मिनिटांनी उत्तर येतं: गिऱ्हाईक गेलं.